छोटे उपग्रह : लोक नेहमी विचारतात ते प्रश्न आणि माझी जरा लांबलेली उत्तरं

आधीच सांगतो, मी इस्रोत वगैरे नाहीये. कॉलेजात असताना उपग्रह बनवणाऱ्या एका टीममध्ये दोन वर्षं सोल्डरिंग केलं, आमचा उपग्रह वर कधी गेलाच नाही, पण नाद लागला तो लागलाच. आता शाळांमधून, गणपतीच्या व्याख्यानांमधून या विषयावर बोलायला जातो आणि तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

छोटा म्हणजे नेमका किती छोटा?

ढोबळ हिशोब वजनावर असतो. ५०० किलोच्या आतला तो छोटा. त्यात १०० ते ५०० किलो मिनी, १० ते १०० मायक्रो, १ ते १० नॅनो, किलोच्या खाली पिको आणि १०० ग्रॅमच्या खाली फेम्टो. म्हणजे छोटा उपग्रह फटफटीएवढाही असू शकतो आणि चहाच्या कपाएवढाही. गंमत अशी की सुरुवातीचे सगळेच उपग्रह छोटे होते. १९५७ चा स्पुटनिक ८३.६ किलोचा, १९५८ चा व्हॅनगार्ड-१ तर जेमतेम दीड किलोचा आणि तो आजही वर फिरतोय, मुका होऊन, पण फिरतोय. मग रॉकेटं मोठी झाली, उपग्रह टनांवर गेले, आणि इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त नि बारीक झाल्यावर गाडी परत फिरली.

क्यूबसॅट क्यूबसॅट म्हणतात ते काय? सगळे डबेच कशाला?

१९९९ साली अमेरिकेत बॉब ट्विग्ज आणि जॉर्डी पुइग-सुआरी या दोन प्राध्यापकांनी ठरवलं की पोरांना शिक्षण संपायच्या आत उपग्रह बनवून वर पाठवता आला पाहिजे, म्हणून माप बांधून टाकलं : १० सेंटिमीटर लांब, रुंद, उंच. हा झाला एक युनिट, म्हणजे १यू. तीन एकावर एक ठेवले की ३यू, तसंच पुढे ६यू, १२यू.

आता लोकांना वाटतं डबा छोटा आहे हेच त्यातलं विशेष, पण खरी करामत डब्याच्या मापात आहे. माप ठरलं की रॉकेटवर तो डबा धरून ठेवणारी पेटीही ठरते, त्या पेटीत स्प्रिंग असते, वर गेल्यावर झाकण उघडतं आणि डबा बाहेर ढकलला जातो. रॉकेटवाल्याला आत कुणाचा उपग्रह आहे याची काळजीच नको, तुमचा फुटला तरी पेटीतल्या पेटीत, शेजारच्या कोट्यवधीच्या उपग्रहाला ओरखडा नाही. कांद्याची गोणी असो की बटाट्याची, ट्रकवाल्याला मापाशी मतलब, तसंच.

एवढ्याशा डब्यात असतं तरी काय?

सगळं असतं, फक्त दाटीवाटीने. बाहेरून सोलर सेल, आत लिथियम बॅटरी, एक छोटा कॉम्प्युटर, रेडिओ, तोंड कुठे आहे हे कळायला सेन्सर, आणि उरलेल्या जागेत ज्याच्यासाठी हा खटाटोप केला ते, म्हणजे पेलोड : कॅमेरा, मोजमापाचं उपकरण, काहीही. १यू ला वीज मिळते सरासरी दोन वॉटच्या आसपास, जुना झिरोचा बल्बही त्यावर पेटायचा नाही. त्यातच सगळा संसार चालवायचा आणि दर दीड तासाच्या फेरीत अर्धा तास सावलीत बॅटरीवर काढायचा.

अँटेनाची गोष्ट मला फार आवडते. बऱ्याच क्यूबसॅटची अँटेना म्हणजे सुताराकडे असते ती स्टीलची मोजायची टेप, खरंच. ती डब्याभोवती गुंडाळायची, नायलॉनच्या दोऱ्याने बांधायची, वर गेल्यावर एक बारीकसा रेझिस्टर तापून दोरा जळतो आणि टेप फटकन सरळ होते. तेही लगेच नाही, पेटीतून बाहेर पडल्यावर निदान अर्धा तास गप्प बसायचं असा नियम आहे, नाहीतर बाकीच्यांच्या अंगावर जाशील. नासाने तर २०१३ साली साध्या अँड्रॉइड फोनलाच मेंदू बनवून फोनसॅट वर पाठवले होते.

जपानमध्ये क्योटो विद्यापीठाने लाकडी उपग्रहही केलाय, लिग्नोसॅट, मॅग्नोलियाच्या लाकडाचा, स्क्रू आणि गोंद न वापरता सांधे बसवलेला. तो २०२४ च्या डिसेंबरात स्पेस स्टेशनवरून सोडला.

हे कामाचे असतात की नुसते कॉलेजच्या प्रोजेक्टपुरते?

सुरुवातीला थट्टाच व्हायची, खेळणी म्हणायचे. पण २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ या रॉकेटवर २० उपग्रह गेले त्या यादीकडेच बघा ना. त्यात पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचा स्वयम् होता, पृथ्वीचे फोटो काढून विकणाऱ्या प्लॅनेट कंपनीचे १२ डव्ह होते, आणि कॅनडाच्या जीएचजीसॅटचा २५ किलोचा क्लेअर होता, जो वरून मिथेनची गळती शोधायला पाठवलेला. म्हणजे विद्यार्थी आणि धंदा एकाच गाडीत.

धंद्याचं गणित वेगळंय. एक मोठा उपग्रह फार स्पष्ट बघतो, पण तो एकच असतो, परत तुमच्या डोक्यावर यायला त्याला दिवस लागतात. त्याऐवजी कमी स्पष्ट बघणारे शंभर-दीडशे सोडले की रोज अख्ख्या पृथ्वीचा फोटो निघतो. डव्ह जेमतेम ५ किलोचे, त्यातले चार-दोन मेले तरी कुणी रडत नाही, पुढच्या खेपेला नवीन पाठवतात आणि नवीनमध्ये कॅमेराही सुधारलेला असतो. मला विचाराल तर छोट्या उपग्रहांची खरी ताकद हीच आहे. मेला तर परवडतो, म्हणून धाडस करता येतं.

फोटो सोडून इतरही कामं आहेत. समुद्रातली जहाजं आपली जागा सांगणारे सिग्नल सोडत असतात, ते वरून पकडायचे. जीपीएसचे सिग्नल वातावरणातून जाताना किती वाकतात ते मोजून हवामानाच्या अंदाजाला आकडे पुरवायचे. नासाच्या ट्रॉपिक्स मोहिमेत ३यू चे डबे चक्रीवादळांवर घिरट्या घालत होते, तासाभराच्या अंतराने तेच वादळ परत परत बघायला.

शेतीला काही फायदा? की नुसत्याच गप्पा?

हा प्रश्न प्रत्येक गावात येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा पीक विम्याच्या पंचनाम्याने पिडलेला असतो.

फायदा आहे, पण आधी एक हिशोब समजून घ्या. युरोपचा सेंटिनेल-२, जो छोटा नाही, टनाच्या वरचा आहे, त्याचे फोटो फुकट मिळतात आणि त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर. म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक गुंठा! डव्हचा ठिपका साधारण ३ मीटरचा, म्हणजे घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीएवढा, पण तो विकतचा माल आहे. आता ज्याचं रान ४० गुंठे आहे त्याला सेंटिनेलमध्ये ४० ठिपके दिसणार, त्यात बांधावरची झाडं, शेजाऱ्याचा ऊस सगळं मिसळलेलं. आपल्याकडच्या तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीला बारीक ठिपकाच लागतो.

पीक कसं आहे हे कळतं कसं, तर निरोगी पान डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं आणि लाल प्रकाश खाऊन टाकतं. या दोन्हींची तुलना केली की कुठल्या कोपऱ्यात पीक दमलंय ते दिसतं, कधीकधी डोळ्याला कळायच्या आधी. पण का दमलंय, पाण्याने, किडीने की खताने, हे त्यावरून सरळ कळत नाही, त्याला रानात जावंच लागतं. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसावर एआयचा जो प्रयोग चालवलाय त्यात म्हणूनच उपग्रहाच्या फोटोंच्या जोडीला मातीतले सेन्सर आणि हवामान स्टेशनही लावलीत. पुढची पायरी म्हणजे हायपरस्पेक्ट्रल, जिथे दोन-चार ऐवजी शंभरावर रंगांत बघतात. बेंगळुरूच्या पिक्सेलने त्यासाठी फायरफ्लाय नावाचे पहिले तीन उपग्रह जानेवारी २०२५ मध्ये सोडले.

पावसाळ्यात ढगातून दिसतं का?

कॅमेऱ्याला नाही दिसत. कोकणात जून ते सप्टेंबर कॅमेऱ्यावर भरवसा ठेवून बसलात तर पांढरा कापूस बघत बसाल. त्याला रडार लागतं. पूर्वी रडारचा उपग्रह म्हणजे धूडच असायचं, पण फिनलंडच्या आइसआयने १०० किलोच्या आत बसवून दाखवला आणि त्यांचा तो पहिला नमुना जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच पीएसएलव्ही-सी४० वरून गेला. पुराचं पाणी रात्री, ढगांच्या वरून मोजायचं असेल तर हाच माल.

महाराष्ट्रातून कुणी सोडलेत?

स्वयम् वर आलाच. किलोभरापेक्षा कणभर कमी वजन, १यू, आणि त्याचं वैशिष्ट्य म्हणजे तोंड सरळ ठेवायला वीज लागतच नाही, आत चुंबक बसवलेत, होकायंत्राच्या सुईसारखा तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी आपोआप जुळवून घेतो. २००८ च्या सुमाराला सुरू केलेलं काम २०१६ ला वर गेलं, म्हणजे ज्यांनी सुरू केलं ती पोरं कधीच नोकरीला लागलेली, मधल्या बॅचेसनी फक्त फायली वाचल्या आणि टेस्टिंग केलं.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा प्रथम गेला, पीएसएलव्ही-सी३५ वरून. साधारण १० किलोचा. आपल्या डोक्यावरच्या आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, इलेक्ट्रॉन किती आहेत ते मोजायचं काम, कारण तेच जीपीएसच्या चुकीला कारणीभूत असतात. मग मुंबईच्या के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा बिलीफसॅट-० हा हॅम रेडिओवाल्यांसाठीचा, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांसाठीचा, पेलोड १ जानेवारी २०२४ ला वर गेला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी अ‍ॅमिटी युनिव्हर्सिटी मुंबईने पालकाच्या पेशींचा प्रयोग पाठवला. हे शेवटचे दोन स्वतंत्र उपग्रह नाहीत हं, ते पोएमवर बसून गेले.

पोएम काय आता?

पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झालं की वर नुसताच पडून राहायचा. इस्रोने त्यालाच सोलर पॅनल आणि मेंदू लावून प्रयोगशाळा बनवली, ती पोएम. ज्याच्याकडे उपकरण आहे पण त्याच्याभोवती उपग्रह बांधायची ऐपत नाही त्याने इथे खोली भाड्याने घ्यायची, लाइट-पाणी घरमालकाचं. डिसेंबर २०२४ च्या पोएम-४ वर २४ पेलोड होते, त्यात इस्रोचाच एक डबा होता ज्यात चवळीला चार दिवसांत मोड आले. आपल्याकडे ओल्या फडक्यात बांधून ठेवली तर दोन दिवस लागतात, पण ते जाऊ द्या.

आमच्या तालुक्यातल्या पोरांनी उपग्रह सोडला असं पेपरात आलंय. खरंय?

पोरांचं कौतुक खरंच आहे, पण शब्द जपून वापरा. ७ फेब्रुवारी २०२१ ला रामेश्वरमवरून १०० फेम्टो डबे सोडले, देशभरातल्या शाळांचे, आपल्याकडचेही. ते हेलियमच्या फुग्यावरून गेले, ३५-३८ किलोमीटरपर्यंत, आणि खाली आले. उपग्रह तो जो कक्षेत फिरतो, त्याला उंची तर लागतेच पण मुख्य म्हणजे सेकंदाला साडेसात किलोमीटरचा आडवा वेग लागतो. फुगा तो देऊ शकत नाही. २०१७ साली गाजलेला ६४ ग्रॅमचा कलामसॅटसुद्धा नासाच्या साउंडिंग रॉकेटने वर जाऊन काही मिनिटांत खाली आला होता, कक्षेत गेला तो नंतरचा, जानेवारी २०१९ चा.

फुग्यावरचा प्रयोग हलका आहे असं मी अजिबात म्हणत नाही, थंडी, कमी दाब, रेडिओ लिंक सगळं शिकायला मिळतं. फक्त हेडिंगमध्ये उपग्रह लिहिलं की पोरांना वाटतं काम झालं. खरं काम तर तिथून सुरू होतं.

वर जातात कसे आणि खर्च किती?

दोन रस्ते. एक म्हणजे मोठ्या रॉकेटवर उरलेल्या जागेत बसायचं. हे वडापसारखं आहे, स्वस्त पडतं पण गाडी भरेपर्यंत थांबायचं आणि ती जिथे सोडेल तिथे उतरायचं. इस्रोने १५ फेब्रुवारी २०१७ ला एकाच पीएसएलव्हीतून १०४ उपग्रह सोडले तेव्हा सगळे मिळून वजन होतं १३७८ किलो, त्यात ७१४ किलोचा एकटा कार्टोसॅट आणि उरलेल्यात १०३ जण, पैकी ८८ डव्ह. हा विक्रम २०२१ च्या जानेवारीत स्पेसएक्सने १४३ सोडून मोडला. स्पेसएक्सने २०१९ साली ही वडाप सेवा जाहीर केली आणि त्याच वर्षी दर ठेवला २०० किलोला १० लाख डॉलर, नंतर तो वाढत गेला.

दुसरा रस्ता म्हणजे स्वतःची स्पेशल रिक्षा. त्यासाठी इस्रोचं एसएसएलव्ही आहे, ५०० किलो ५०० किलोमीटरवर नेणारं. त्याचं पहिलं उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ ला फसलं आणि कसं फसलं ते ऐकण्यासारखं आहे. दुसरा टप्पा सुटताना क्षणभर जोरात थरथर झाली, सेन्सरांचे आकडे टोकाला गेले, कॉम्प्युटरला वाटलं सेन्सरच बिघडले आणि त्याने दुसरा हिशोब धरला. शेवटी ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ ची लांबुळकी कक्षा मिळाली. ७६ किलोमीटरवर हवा आहे, म्हणजे गेलाच. त्यावर ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी तयार केलेला आझादीसॅट होता. मुलींनी परत बनवला, आणि १० फेब्रुवारी २०२३ ला दुसऱ्या एसएसएलव्हीने तो नीट ४५० किलोमीटरवर पोचवला.

बाकी खर्चाचा आकडा सगळे विचारतात पण लॉन्च हा त्यातला एक भाग. थरथराटाची टेस्ट, पोकळीत तापवून-गोठवून बघायची टेस्ट, फ्रिक्वेन्सीची परवानगी, जमिनीवरचं स्टेशन, हे कुणी धरतच नाही.

मग बंद का पडतात इतके?

पहिल्यांदा करणाऱ्या टीमचे तर खूप पडतात, आणि कारणं भव्य-दिव्य नसतात. अँटेना उघडली नाही. बॅटरी गार पडली. सॉफ्टवेअर हँग झालं आणि रिसेट करायला वर कोण जाणार? म्हणून आत वॉचडॉग असतो, ठरावीक वेळात कॉम्प्युटरने मी जिवंत आहे असं सांगितलं नाही की तो सरळ वीज तोडून परत चालू करतो. किरणोत्सर्गाने मेमरीतला शून्याचा एक होतो, ते वेगळंच.

आमच्या टीमचं सांगतो. आम्ही सगळा वेळ बोर्ड बनवण्यात घालवला, सगळे भाग टेबलावर मांडून एकत्र, आठवडाभर न थांबवता चालवून बघायचं होतं ते शेवटी केलं. तिसऱ्या रात्री चार्जिंगचं सर्किट आणि रेडिओ एकमेकांशी भांडायला लागले. तोवर पैसे संपले होते. नवीन टीमला माझं एकच सांगणं असतं, टेबलावरची ती परीक्षा पहिल्या वर्षीच घ्या, भले कार्डबोर्डच्या डब्यात घ्या.

उलट उदाहरणही आहे. टोकियो विद्यापीठाचा एक्सआय-फोर हा २००३ साली गेलेल्या अगदी पहिल्या क्यूबसॅटपैकी एक, वीस वर्षं उलटली तरी त्याचा आवाज येत होता.

खाली पडून डोक्यात नाही ना बसणार?

क्यूबसॅट नाही. तो येतानाच जळून जातो, ४०० किलोमीटरच्या आसपासचा तर वर्ष-दोन वर्षांत. ५००-५५० वर काही वर्षं, ८०० च्या वर गेलात तर मात्र पिढ्या जातील.

लोकांच्या डोक्यात असतो तो २०२२ चा गुढीपाडवा. २ एप्रिलच्या संध्याकाळी विदर्भात आकाशातून जळते गोळे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत मोठी धातूची कडी पडली. ती एका चिनी रॉकेटच्या टप्प्याची असावी असा जाणकारांचा निष्कर्ष होता. म्हणजे पडतात ते रॉकेटचे मोठे भाग, डबे नाही.

डब्यांचा खरा धोका वरच आहे. बहुतेकांना इंजिन नसतं, समोरून काही आलं तर बाजूला होता येत नाही. अमेरिकेने २०२२ मध्ये नियम केला की काम संपल्यावर पाच वर्षांत खाली आणा, आधी पंचवीस चालायची. इस्रोने पोएम-३ ला काम झाल्यावर ६५० वरून ३५० किलोमीटरवर उतरवला आणि २१ मार्च २०२४ ला तो समुद्रावर जळून संपला, हे मला फार शहाणपणाचं वाटलं.

चंद्र-मंगळावर जाऊ शकतात का?

गेलेत. २०१८ मध्ये मार्को नावाचे दोन ६यू डबे मंगळापर्यंत गेले आणि २६ नोव्हेंबरला नासाचं इनसाइट यान मंगळावर उतरत असताना त्याचे सिग्नल तिथूनच पृथ्वीकडे पाठवत राहिले. वळायला त्यांनी अग्निशामक सिलिंडरमध्ये वापरतात तसला गॅस नेला होता! नंतर कॅपस्टोन २०२२ ला चंद्राच्या कक्षेत गेला, २५ किलोचा.

स्टारलिंक पण छोटाच का? आणि वरून माझी गच्ची दिसते का?

स्टारलिंक म्हणजे वरून इंटरनेट देणारे स्पेसएक्सचे उपग्रह. सुरुवातीचे साधारण २६० किलोचे, म्हणजे व्याख्येत बसतात, नंतरचे फुगत गेले. गच्ची दिसते, गच्चीवरचे पापड नाही दिसत.

मुलगी आठवीत आहे, तिला यात काही करायचंय. सुरुवात कुठून?

किट विकत घेऊ नका, आधी ऐकायला शिकवा. स्पेस स्टेशनवरून हॅम रेडिओचे सिग्नल येतात, १४५.८०० मेगाहर्ट्झवर कधीकधी चित्रंही पाठवतात. लॅपटॉपला लावायचा एसडीआर डोंगल (रेडिओ सिग्नल पकडणारी पेनड्राइव्हसारखी कांडी), मोजायच्या टेपची घरी बनवलेली अँटेना (हो, परत तीच) आणि स्टेशन कधी डोक्यावरून जाणार ते सांगणारं एखादं अ‍ॅप एवढं पुरतं. रशियाच्या मेटिओर उपग्रहांकडून हवामानाचे फोटोही थेट उतरवता येतात. बोलायचं असेल, म्हणजे सिग्नल पाठवायचा असेल, तर हॅमची परीक्षा आणि लायसन्स लागतं आणि आपल्याकडे वयाची अट १२ पूर्ण एवढीच आहे, म्हणजे तुमची लेक बसते त्यात.

स्टेशन डोक्यावरून जायला जेमतेम दहा मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी नुसती खरखर आली तर वैतागू नका, अँटेना हातात धरून उभीची आडवी करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच आवाज येतो.